गांवचें वाद्य गांवाच्या हातीं

फाल्गुन लागला कीं कोंकणांतल्या वाडीवाडींतून दिवेलागणीच्या सुमारास ढोलाचे ठोके ऐकूं येऊं लागतात. होळीच्या माळावर पालखी नाचते, सहाणेवर येऊन बसते, मग घरोघरचा मान घेण्यास निघते. आणि या साऱ्या वाटचालींत ढोल-ताशाचा नाद तिची सोबत सोडीत नाहीं. आमच्या रत्नागिरी शहरांतही श्रीदेव भैरीची पालखी निघाली म्हणजे हाच नाद आळीआळींतून घुमतो. पालखीला पहिला खांदा कोणी द्यावयाचा यावर गांवोगांवीं चर्चा होते, प्रसंगीं वादही होतो. परंतु ढोलाला काठी कोणी लावावयाची, याचा विचार करण्यास फारसें कोणी थांबत नाहीं. आज मला या दुर्लक्षित प्रश्नाविषयींच चार शब्द आपल्यापुढें ठेवावयाचे आहेत.

मी संगीतशास्त्राचा अधिकारी नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें जन्मभर मुलांस शिकविण्यांत गेलेला असा मी मनुष्य आहें. तेव्हां राग-तालांची चिकित्सा माझ्याकडून अपेक्षूं नये. मला सांगावयाचें आहे तें वाद्य वाजविणाऱ्या माणसांविषयीं. विशेषतः जीं माणसें आपला पोटाचा उद्योग सांभाळून, कोणी बोलाविलें अथवा पैसे दिले म्हणून नव्हे, तर आपल्या मनानें एकत्र जमून वाजवितात, त्यांच्याविषयीं. इंग्रजी मुलखांत अशा मंडळींच्या पथकास 'कम्युनिटी बँड' म्हणतात. आपण त्यास हौशी वाद्यपथक म्हणूं या.

समाजांत वाद्य तीन प्रकारांनीं वाजतें. एक वेठीचें, दुसरें विकतचें आणि तिसरें स्वेच्छेचें. या तीन शब्दांच्या आधारानें आपला गेल्या दीड-दोनशें वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे हौशी पथकाचें प्रयोजन आपोआप उघड होतें.

प्रथम जुन्या व्यवस्थेकडे वळूं. गडावर नगारखाना असे; रायगडावरील नगारखान्याची वास्तु आजही उभी आहे. देवळाच्या दारीं सनई-चौघडा झडे. लग्नकार्यास वाजंत्री लागत. हीं सर्व कामें ठरलेल्या जातींकडे वंशपरंपरेनें चालत आलेलीं होतीं. गुरव, घडशी, मातंग, महार या समाजांनीं कोठें इनाम जमिनीच्या तुकड्यावर, कोठें बलुत्याच्या धान्यावर पिढ्यान् पिढ्या हा नाद जिवंत ठेवला. सनईचा जो करुण-मंगल सूर आपणांस शुभकार्याची खूण वाटतो, तो त्यांच्या श्वासांतून आला आहे. हें ऋण प्रथम मान्य केलें पाहिजे.

परंतु या व्यवस्थेला दुसरी बाजू होती. ज्याच्या वादनाशिवाय नवरदेव मांडवांत शिरत नसे, त्या वादकास मांडवाच्या बाहेरच बसावें लागे. ढोल वा हलगी वाजविणें हें त्याच्या इच्छेवर नव्हतें. तें गांवकीचें काम होतें, आणि नाहीं म्हणण्याची त्यास मुभा नव्हती. कला खरी, पण ती वेठींत अडकलेली. सन १९२७ मध्यें महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि दलित समाजांत स्वाभिमानाचें नवें वारें वाहूं लागलें, तेव्हां कित्येक गांवीं लोकांनीं गांवकीचीं हीं कामें टाकून दिलीं, त्यांत वाजविण्याचें कामही होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचें मूळ गांव आंबडवे हें याच कोंकणपट्टींतलें, मंडणगड तालुक्यांतलें. गांवकऱ्यांस त्या वेळीं तो हट्ट वाटला असेल. परंतु आज शांतपणें विचार केला तर दिसतें कीं, त्यांनीं वाद्याचा त्याग केला नव्हता, वेठीचा त्याग केला होता. कारण लगेच पुढच्या काळांत, १९३० नंतर, भीमराव कर्डक व त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसे घेऊन गांवोगांव फिरूं लागले, आणि तींच वाद्यें तेच हात आतां आपल्या इच्छेनें, ताठ मानेनें वाजवूं लागले. काठी तीच, कातडें तेंच. पण पूर्वीचा नाद आणि हा नाद यांत जमीन-अस्मानाचें अंतर पडलें. हौशी पथकाचें मर्म मला प्रथम येथें दिसतें. पैसा न घेणें हें त्याचें मर्म नव्हे. स्वेच्छा हें त्याचें मर्म होय.

वाद्यवृंदाचा दुसरा प्रवाह राजदरबारांतून आला. तंजावरच्या मराठी गादीवरील दुसरे सरफोजी राजे यांनीं १७९८ पासून १८३२ पर्यंत राज्य केलें. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या दरबारीं पाश्चात्त्य वाद्यांचें पथक होतें, आणि त्या ग्रंथालयांत युरोपीय संगीताच्या स्वरलिपींचा संग्रह आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मराठी बोलणाऱ्या राजाच्या पदरीं, तमिळ मुलखांत, युरोपीय वाद्यांवर सूर जुळत होते ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीची तरी धनी असावयास हवी. पुढें बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं १८८६ मध्यें गायनशाळा काढली, स्वरलेखनाची पद्धति बसविली आणि संगीत हें पुस्तकावरून, वर्गांत बसून शिकतां येतें हें दाखविलें. याच बडोद्यास १९१६ सालीं पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिकडे गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन धरावयास शिकवीत. त्या शिक्षणाचा परिणाम असा झाला कीं, संस्थानिकांच्या आणि पलटणींच्या बँडांत, आणि पुढें मुंबईच्या बोलपटांच्या वाद्यवृंदांत, गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा झाला.

हीं सारीं उदाहरणें थोर खरीं. पण तेथील वादक पगारी होते. सामान्य गृहस्थानें हातीं वाद्य घ्यावें, ही कल्पना अद्याप दूर होती. किंबहुना सुशिक्षित पांढरपेशा घरांत गाणें-बजावणें हें चैनीचें आणि कमीपणाचें लक्षण समजत. तो समज दूर करण्याचें काम संस्थांनीं केलें. मुंबईस पारशी मंडळींनीं १८७० मध्यें गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली; पुण्यास १८७४ मध्यें पुणें गायन समाज निघाला; आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडून संगीताला शाळेची शिस्त व समाजाची मान्यता मिळवून दिली. कुरुंदवाडास जन्मलेल्या आणि लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें दृष्टि अधू झालेल्या या पुरुषानें सभ्य घरांचीं दारें संगीतास मोकळीं केलीं असें म्हणावयास हरकत नाहीं.

तरी देखील शिकणें निराळें आणि चौकांत उभें राहून सर्वांबरोबर गाणें-वाजविणें निराळें. तो धीर मराठी मुलांस मिळाला मेळ्यांमुळें. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ च्या सुमारास पुण्यास आकारास आला आणि त्याबरोबरच मेळे निघाले. रत्नागिरीस १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं या उत्सवास जें रूप दिलें, त्यांत मेळ्यांस मानाची जागा होती. एका पोशाखांतील मुलें, हातांत टिपऱ्या किंवा लेझीम, सोबत तबला-पेटी, आणि त्या वर्षासाठीं मुद्दाम रचलेलीं पदें, असा मेळ्याचा थाट असे. तालमीसाठीं मुलें महिना-दीड महिना रोज जमत. कोणास वेतन नसे. सरकारनें पुढें मेळ्यांच्या पदांवर नजर ठेविली आणि प्रसंगीं बंदीही घातली, यावरूनच त्यांच्या सामर्थ्याची कल्पना येते. मेळ्याचा हा सांचा पुढें सर्वांनीं उचलला. सत्यशोधकांचे जलसे होतेच. पुण्यास १९२० नंतर ब्राह्मणेतर चळवळीचा छत्रपति मेळा निघाला. १९४१ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलानें कलापथक उभें केलें. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांचें लाल बावटा कलापथक कामगार वस्तींत गाजलें, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत तर डफ हें जणूं लोकमताचें मुखपत्रच झालें.

इतिहास सांगतांना केवळ गोड तेवढें सांगणें शिक्षकास शोभत नाहीं. १८९३ च्या ऑगस्टांत मुंबईस हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, आणि त्यानंतरच्या कांहीं मेळ्यांच्या पदांत वैराचा सूर होता. तत्पूर्वीं पुण्याकडील पुष्कळ हिंदु मोहरमच्या ताबुतांत हौसेनें भाग घेत. तो त्यांनीं सोडावा असा प्रचार या पदांतून झाला. वाद्य माणसांस जोडतें तसें तें तोडूंही शकतें, हा या प्रकरणाचा धडा आहे. मौज अशी कीं, आज आपल्या मिरवणुकीचा प्राण असलेला ताशा हा शब्द फारसीकडून आलेला आहे, आणि मोहरमच्या मिरवणुकींतही तो वाजत आला आहे. सनई हें नांवही शहनाईचें. बँडचीं पितळी वाद्यें युरोपांतल्या लष्कराबरोबर आलीं. वाद्यास जात नसते, धर्म नसतो; तो आपण त्यास चिकटवितों.

आतां थोडा वेळ साता समुद्रांपलीकडे जाऊं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तर भागांत गिरण्या व खाणी निघाल्या आणि खेड्यांतली माणसें तेथें दाटीनें राहूं लागलीं. दिवसभर यंत्राच्या खडखडाटांत काम करणाऱ्या या मजुरांनीं संध्याकाळीं पितळी वाद्यांचीं पथकें उभारलीं. यास एक यांत्रिक कारणही झालें. जुन्या कर्ण्यांतून मोजकेच स्वर निघत. १८१८ च्या सुमारास जर्मनींत पडद्यांची, म्हणजे बोटानें दाबावयाच्या कळांची, युक्ति निघाली आणि कर्ण्यांतून सर्व स्वर काढतां येऊं लागले. पुढें १८४० नंतर अॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानें लहान-मोठ्या आकारांच्या कर्ण्यांचें असें एक कुटुंब तयार केलें कीं, त्यांतील एकावर बोटें बसलीं म्हणजे दुसरें वाद्यही वाजवितां यावें. थकून आलेल्या मजुरास शिकण्याजोगें असें हें वाद्य होतें. यॉर्कशरमधील क्वीन्सबरी येथें जॉन फॉस्टर या गिरणीमालकानें १८५५ मध्यें आपल्या कामगारांच्या पथकास वाद्यें पुरविलीं. तें ब्लॅक डाइक पथक आजही वाजत आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेंत १८५३ पासून अशा पथकांच्या स्पर्धा भरूं लागल्या.

हें सर्व वाचतांना मला आपल्या गिरणगांवाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्यें स्थापन झाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यांतील माणसें हजारोंनीं परळ-लालबागेकडे गेलीं. त्यांनीं तेथें काय नेलें? अंगावरचे कपडे, पोहे-पिठाची पुरचुंडी आणि गळ्यांतलें भजन. चाळींत एकेका गांवाच्या खोल्या असत. पाळी संपवून आलेला चाकरमानी त्या खोलींत पखवाज आणि टाळ घेऊन बसे. तेथूनच भजनी मंडळें निघालीं, नमनाचे आणि जाखडीचे संच निघाले. दोन बुवांची डबलबारी रंगूं लागली आणि शक्ति-तुऱ्याचे सवाल-जबाब झडूं लागले. ना. म. जोशी यांनीं १९११ मध्यें स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या परळ येथील दामोदर नाट्यगृहांत कामगारांच्या या कलांस रंगमंच मिळाला. लँकेशर आणि लालबाग या दोहोंकडे कापूसच पिंजला जात होता, आणि दोहोंकडे मजुरांनीं संध्याकाळ आपल्या मालकीची करून घेतली. फरक एवढाच कीं, तिकडे कित्येक ठिकाणीं मालकानें वाद्यें दिलीं. इकडे चाकरमान्यानें आपल्या पगारांतून वर्गणी काढून तीं घेतलीं.

१९८२ च्या संपानंतर गिरणगांवाचें वैभव ओसरलें, हें आपण जाणतांच. पण गिरण्या गेल्या तरी मंडळें सर्वस्वीं गेलीं नाहींत. १९९८ मध्यें कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली; आजही शिमग्याला आणि गणपतीला ती गाडी माणसांनीं ओसंडून येते. त्या माणसांस गांवाकडे काय ओढतें याचा शोध घेतला, तर घराच्या हिश्शापेक्षां ढोलाचा ठोका अधिक बलवान् ठरेल अशी माझी समजूत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हौशी पथकास नवें रूप आलें तें पुण्यास. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनीं १९६२ मध्यें ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली आणि गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत शिस्तबद्ध विद्यार्थ्यांचीं बरची व ढोलपथकें उतरविलीं. पुढें मुलींनींही कमरेस ढोल बांधला. आज डॉक्टर, कारकून, विद्यार्थी, गृहिणी एका रांगेंत उभे राहून वाजवितात अशीं पथकें महाराष्ट्रभर आहेत, आणि रत्नागिरीसारख्या शहरांतही हा वारा पोंचला आहे.

अशा पथकाचें काम बाहेरून दिसतें तितकें सोपें नाहीं. ताशा हा पथकाचा नेता. त्याच्या उथळ भांड्यावर ताणलेल्या कातड्यावर दोन बारीक काड्यांनीं जो द्रुत बोल निघतो, त्यावर सर्वांचे कान लागलेले असतात. ढोलाच्या एका बाजूस टिपरूचा ठोका आणि दुसऱ्या बाजूस हाताची थाप, या दोहोंतून चालीचा पाया भरला जातो. झांज त्यास धार देते. गणपति येतो तो भाद्रपदांत, ऐन पावसाळी हवेंत. आणि ओल लागली कीं कातडें सैल पडतें, आवाज बसतो. म्हणून पूर्वीं शेकोटीवर वाद्य तापवीत, दोऱ्या पुनःपुन्हां ताणीत. अलीकडे ढोलास फायबरचें पान बसवितात. तें ओलीस दाद देत नाहीं, पण त्याचा आवाज कातड्याहून कडक असतो. कोंकणच्या खालू बाजाची रीत आणखी निराळी. त्यांत सनईच्या सुराभोंवतीं ढोल, टिमकी आणि थाळी खेळतात, आणि चालींत नुसता जोर नसून लाडिक डौल असतो. तो डौल ऐकून-ऐकूनच अंगीं येतो.

आतां प्रयोजनाकडे वळूं. हौशी पथक कशासाठीं? ग्रामोफोन आला, रेडिओ आला, आणि आतां तर खिशांतल्या यंत्रांत जगांतलें उत्तमोत्तम संगीत हव्या त्या क्षणीं वाजतें. मग नवशिक्यांनीं चुकतमाकत वाजविण्यांत हांशील काय?

पहिलें हांशील ऐकण्याचें. एकट्यानें वाजविणाऱ्यास स्वतःचा आवाज पुरतो. पन्नासांत वाजविणाऱ्यास उरलेल्या एकोणपन्नासांचा कानोसा घ्यावा लागतो. जो फार जोरानें वाजवितो तो पथक बिघडवितो, आणि जो भीतभीत वाजवितो तोही बिघडवितो. आपलें काम पूर्ण करावयाचें आणि दुसऱ्यास झांकावयाचें नाहीं, हा नागरिकत्वाचा पाठ मला शिक्षक म्हणून पुस्तकांतून कधीं इतक्या स्पष्टपणें शिकवितां आला नाहीं. वर्गांत गणिताच्या तासाला मान खालीं घालून बसणारी मुलें लेझमीच्या रांगेंत ताठ उभीं राहतात, हें मी वर्षानुवर्षें पाहिलें आहे. आणि एकदां ताठ झालेली मान पुढें गणिताच्या तासालाही ताठ राहते.

दुसरें हांशील समतेचें. जो ढोल एके काळीं जातीनें ठरलेल्या हातींच असे, तो आज कोणाच्याही मुलामुलीच्या कमरेस दिसतो, ही लहान क्रांति नव्हे. मात्र ती पुरी होण्यास एक गोष्ट हवी. ज्यांच्या पूर्वजांनीं हा नाद राखला, त्यांस पथकाच्या रांगेंत आणि पथकाच्या पंगतींत सारखेंच स्थान मिळालें पाहिजे. तें न देतां केवळ त्यांचें वाद्य उचललें, तर ती समता नव्हे. ती उचलेगिरी होय.

तिसरें हांशील पिढ्यांच्या सांध्याचें. म्हातारा चाल सांगतो, तरुण ती वाजवितो, लहान मूल शेजारीं उभें राहून डब्यावर तिची नक्कल करतें. ज्या गांवांत हा सांधा तुटला, तेथें चाल एका पिढींत नाहींशी होते. आणि गेलेली चाल विकत मिळत नाहीं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते वाजवी आहेत. पहिला आक्षेप गोंगाटाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्या जागीं वाद्यांस बंधन घातलें आहे, आणि निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. शेंदोनशें ढोल एका अरुंद रस्त्यांत वाजूं लागले म्हणजे शेजारच्या घरांतील रुग्णाचें आणि तान्ह्या मुलाचें काय होतें, याचा विचार पथकानें स्वतः करावयास हवा. पोलिसांनीं येऊन तो शिकवावा लागूं नये. ढोलांची संख्या हें पथकाच्या मोठेपणाचें माप नव्हे. वीस ढोल सुरेल वाजले तर दोनशें बेताल ढोलांची गरज उरत नाहीं. शिवाय तासन् तास त्या नादांत उभ्या राहणाऱ्या मुलांच्या कानांसही इजा होते; त्यांस कानांत बोळे घालावयास लावणें हें चालकांचें कर्तव्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फुकट वाजविणारीं पथकें निघालीं तर पोटासाठीं वाजविणाऱ्या सनईवाल्याचें आणि बँडवाल्याचें काय? मला वाटतें, येथें मघांचे तीन शब्द पुन्हां आठवावे. स्वेच्छेचें वादन वेठीच्या विरुद्ध आहे. कारागिराच्या मोलाच्या विरुद्ध नव्हे. हौशी पथकानें सुपारी घेऊन लग्नाच्या वराती वाजवूं नयेत. तो प्रांत व्यवसायी वादकांचा आहे. उलट पथकानें त्यांस गुरु म्हणून बोलवावें आणि योग्य दक्षिणा द्यावी. ज्या वृद्ध सनईवाल्याचा मुलगा आज दुसऱ्या धंद्यांत गेला आहे, त्याच्यापाशीं पांच मुलें शिकावयास बसलीं, तर त्याची विद्या त्याच्याबरोबर जाणार नाहीं. हौशी आणि व्यवसायी हे एकमेकांचे वैरी नव्हेत. गांवांत ज्यांनीं स्वतः वाद्य हातीं धरलें आहे, तेच उत्तम वादकाची किंमत जाणतात; ज्यांनीं कधीं धरलें नाहीं, ते भाड्यानें आणलेल्या भोंग्यावर संतुष्ट राहतात. सनईवाल्याचें पोट मारलें आहे तें त्या भोंग्यानें, हौशी पथकानें नव्हे.

तिसरा आक्षेप असा कीं, सण संपला म्हणजे पथक विरतें. हा दोष खरा आहे, आणि त्याचा उपाय आपल्याच हातीं आहे. आठवड्यांतून एक संध्याकाळ ठरवावी. वाद्यें कोणा एकाच्या माळ्यावर न ठेवतां शाळेच्या अथवा वाचनालयाच्या खोलींत सर्वांच्या मालकीचीं म्हणून ठेवावीं, आणि त्यांचा हिशेब फळ्यावर लिहावा. मुलींस मुलांइतकीच जागा असावी. वर्षांतून चार वेळां, मिरवणुकीचें निमित्त नसतांना, मैदानांत बसून गांवास ऐकवावें; एकदां ढोल-ताशा, एकदां खालू बाजा, एकदां भजन, एकदां शाळेच्या मुलांचा बँड. ऐकणाऱ्यांनीं बसून ऐकावें आणि वाजविणाऱ्यांनीं बसलेल्यांसाठीं वाजवावें, ही संवयही आपणांस लावून घ्यावी लागेल. मिरवणुकींत चूक खपते. मैदानांत ती ऐकूं येते, आणि म्हणूनच तेथें सुधारणा होते.

श्रोतेहो, आपण सुशिक्षित आहांत. आपल्या घरांत गाण्याची आवड आहे, मैफलींस आपण जातां, चांगल्या गायकाचें नांव निघालें तर आपल्यापाशीं सांगण्याजोगें पुष्कळ असतें. परंतु ही आवड बहुतेक ऐकण्याची आहे. आपल्या मुलानें ढोल गळ्यांत घातला तर अभ्यास बुडेल अशी धास्ती आपणांस वाटते, आणि मुलीनें घातला तर लोक काय म्हणतील अशी. यांपैकीं पहिली धास्ती वेळेच्या मर्यादेनें जाते. दुसरी मात्र जुन्या मांडवाबाहेरच्या त्या ओटीवरून आलेली आहे, जेथें वाजविणाऱ्यास बसवीत असत. ती आतां टाकून दिलेली बरी. वाजविणें हें हलकें काम आहे, ही समजूत जोंवर सुशिक्षित घरांतून जात नाहीं, तोंवर गांवचें वाद्य एक तर वेठीला जाईल, नाहीं तर भाड्याच्या यंत्राला.

येत्या शिमग्याला, किंवा गणपतीला, आपल्या आळींत पथकाची तालीम चालू झाली तर खिडकी लावून घेण्यापूर्वीं एकदां खालीं उतरून पाहा. कोण वाजवितें, कोण शिकवितें, कोणास बाहेर उभें ठेवलें आहे, हें पाहा. आणि जागा रिकामी दिसली तर आपल्या घरांतलें एक माणूस त्या रांगेंत उभें करा.